मनोरुग्णालयांतील संसर्गनिवारक परिचारिका

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत इग्नाझ सेमेलवाइस यानें १८४७ सालीं डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुवावयास लाविलें. बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. तथापि त्याचे बहुतेक सहव्यवसायी त्याचें म्हणणें मान्य करीनात. १८६५ सालीं व्हिएन्नांतील वेड्यांच्या इस्पितळांत, जखम दूषित होऊन त्याचा अंत झाला. योग विलक्षण खरा. परंतु त्याचें शास्त्र बिनचूक असूनहि माणसें वळविण्याची कला त्याला साधली नाहीं, हें अधिक ध्यानांत घेण्याजोगें आहे. मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेजवळ नेमकी हीच कला असते.

केवळ संसर्ग रोखण्यासाठीं परिचारिका नेमण्याची प्रथा तशी अलीकडची. इंग्लंडांत टॉर्की येथील टॉर्बे रुग्णालयानें १९५९ सालीं मिस कॉट्रेल यांना या कामीं नेमलें. स्टॅफिलोकोकस जंतूंनीं त्या काळीं रुग्णालयांत मोठा उपद्रव मांडला होता. पुढें अमेरिकेंतहि हें पद रूढ झालें. लहानशा मनोरुग्णालयांत त्याला सेवकवर्गाच्या आरोग्याचें कामहि जोडलेलें असतें, आणि वॉर्डांत कित्येक वर्षें काढलेली परिचारिका पुष्कळदां त्या जागीं येते.

तिच्या कामाचा दृश्य भाग सोपा. नव्या नोकराच्या हातावर क्षयाच्या परीक्षेची सुई टोंचावयाची व ४८ ते ७२ तासांनीं ती जागा तपासावयाची. ज्यांचा रक्ताशीं संबंध येतो त्यांना हेपॅटायटिस बी या काविळीची लस मालकानें विनामूल्य द्यावी, असा अमेरिकेंत १९९१ सालीं नियम झाला. त्या लशीच्या मात्रांची नोंद तिनेंच ठेवावयाची.

अवघड आहे तें निराळेंच. इतर रुग्णालयांत मद्यार्काची बाटली खाटेपाशीं टांगली कीं भागतें. येथें एखादा व्यसनी रुग्ण ती पिऊन टाकील, म्हणून सेवकांनीं ती खिशांत बाळगावयाची. ‘हात धुवा’ ही पाटी कोणासाठीं लावावी? हात धुण्याच्याच वेडानें ज्याची कातडी फाटली आहे, त्याला ती पाटी म्हणजे छळ. मुखपट्टी बांधलेला चेहरा संशयग्रस्ताला वैऱ्याचा वाटतो. आधींच जगापासून तुटलेल्या माणसाला खोलींत एकटें ठेवणें तर उपचाराच्याच विरुद्ध. पण न ठेवावें, तर? दक्षिण कोरियांतील चेओंगदो येथें एका रुग्णालयाच्या मनोरुग्णविभागांत २०२० च्या फेब्रुवारींत कोविड शिरला. तेथील शंभरावर रुग्णांपैकीं जवळजवळ सर्वांना तो जडला.

यांहून नाजूक प्रकरण सोबत्यांचें. रुग्णानें चावा घेतला तर पुष्कळ सेवक तो लपवितात. रुग्ण सांभाळतां आला नाहीं हा ठपका त्यांना जखमेपेक्षां अधिक बोंचतो. ज्यांच्यासह तिनें रात्रपाळ्या केल्या, त्यांच्या रक्ततपासण्यांचे कागद आतां तिच्या कपाटांत कुलूपबंद असतात. त्यांतलें अक्षरहि तिनें बोलावयाचें नाहीं. फ्ल्यूच्या दिवसांत जुनी मैत्रीण अंगांतला ताप दडवून कामावर उभी असते. तिला घरीं धाडावें तर उरलेल्या दोघींवर सारा वॉर्ड पडतो. न धाडावें तर वॉर्डच आजारी पडतो. ती धाडतेच, आणि काहीं दिवस तिच्याशीं कोणी धड बोलत नाहीं.

लस नको म्हणणाऱ्या सेवकावर मात्र ती हुकूम सोडीत नाहीं. औषध नाकारणाऱ्या रुग्णापाशीं ती जशी बसे, तशीच त्याच्यापाशीं बसते व त्याची भीति आधीं ऐकून घेते. रात्रपाळीच्या लोकांना दिवसा बोलावलें तर ते येत नाहींत. म्हणून लशीची पेटी घेऊन मध्यरात्रीं तीच वॉर्डांत जाते.