घोट्यावरची जुनी जखम



उत्सवाच्या दिवसांत आपल्या देवस्थानात काही माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी असतात. समाराधनेच्या चुलीपुढचे आचारी त्यांत प्रथम येतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घोट्याच्या आतल्या अंगास, किंचित वर, काळवंडलेली त्वचा आपण पाहिली असेल.

पायांतील रक्तास हृदयाकडे परतताना चढण चढावी लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन ते वर ढकलतात आणि शिरांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच चालणारा मनुष्य व नुसता उभा राहणारा मनुष्य यांत मोठे अंतर आहे. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, रक्ताचा भार घोट्याशी साचतो, सूज येते, खाज सुटते आणि साध्या खरचटण्याचा व्रण होऊन तो महिनोन् महिने वाहत राहतो. स्थूलता, वारंवारची बाळंतपणे, वाढते वय, शिरेत पूर्वी झालेली गुठळी यांची त्यात भर पडते.

दोष आतल्या प्रवाहात असल्यामुळे नुसती मलमे बदलून लाभ होत नाही. बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत बांधलेली दाबपट्टी हाच मुख्य उपचार होय. मात्र तत्पूर्वी धमन्यांतील रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे. मधुमेही किंवा धूम्रपानी माणसात तो क्षीण असल्यास तीच पट्टी पायावर बेतते. ब्रिटनमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाबपट्टीबरोबरच सदोष शीर लवकर बंद केलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांचे व्रण ५६ दिवसांत भरले. ती क्रिया लांबणीवर टाकलेल्यांत त्यास ८२ दिवस लागले.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. जखमेस वास येतो, म्हणून मनुष्य पंगत टाळतो, पुढे देवदर्शनही टाळतो. घरी पाय लोंबते सोडून खुर्चीत बसून राहतो. पोटरी हलत नाही आणि व्रण अधिकच चिघळतो. लाजेने रोगास असा हातभार लागतो. इंग्लंडातील सफोक परगण्यात एली लिंडसे या परिचारिकेने १९९५ साली ‘लेग क्लब’ सुरू केला. तेथे रुग्ण दवाखान्याऐवजी गावातल्या सार्वजनिक जागेत जमतात, चहा घेतात, गप्पा मारतात आणि एकमेकांच्या सोबतीने पट्ट्या बांधून घेतात. आपल्यापाशी तर सभामंडप आहे, अग्रशाळा आहेत!

समितीस विनंती एवढीच, की पुढील उत्सवापूर्वी स्वयंपाकघरात चार उंच बाके यावीत, आचाऱ्यांस तासातासाने थोडे चालू द्यावे आणि दुपारी पाय उशांवर, छातीहून उंच ठेवून अर्धा तास पडता येईल अशी अग्रशाळेतील एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवावी.