पडद्यावरील सैतान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांची पाने मांडली गेली, त्याच पंक्तीत आज सैतानाचेही पान मांडले जावे, हे ऐकून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की हा पाहुणा बोलावल्यावाचून सहसा येत नाही. आणि आमच्या आजच्या विवेचनाचे सारही तेच आहे.

पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला 'हॅलोवीन' म्हणतात. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण असतो आणि २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचे स्मरण. दिवस लहान होत जातात, झाडांची पाने गळू लागतात, आणि अमेरिकेत तर त्या सुमारास घरोघर भयपट पाहण्याची प्रथाच पडून गेली आहे. आपला पितृपक्ष याच्या थोडा आधी येतो. पण त्या दिवसांत आपण पितरांना खीर-वडे वाढतो, मुद्दाम भिऊन घेण्याची हौस करीत नाही. या मोसमात पाहण्याजोगे, सैतान ज्यांत उघड वा आडून वावरतो असे आमच्या आवडीचे काही चित्रपट आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

प्रथम या गृहस्थाची ओळख करून घेऊ. 'सैतान' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचे मूळ नाते ज्या हिब्रू शब्दाशी आहे, त्याचा अर्थ 'विरोधक', 'आरोप करणारा' असा होतो. मराठीत त्याचा प्रवेश चांगला जुना आहे. १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. देवदूतांच्या पतनाची कथा त्यात मराठी ओवीत आलेली आहे. मात्र ईश्वराशी अखंड वैर धरणारा असा एकच एक प्रतिपक्षी आपल्या पुराणांत नाही. आपले असुर तप करतात, वर मिळवतात, आणि देवाच्या हातून मारले गेले तरी पुष्कळदा उद्धरून जातात. सैतानाच्या जवळपास जाणारा आपल्याकडे कोणी असेल, तर तो नलाख्यानातील कली. नळाच्या देहात शिरण्यासाठी तो बारा वर्षे टपून बसला होता. एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसला, आणि तेवढ्या फटीतून कली आत शिरला. फट असल्यावाचून कली शिरत नाही, ही महाभारतकारांची सूक्ष्म दृष्टी आहे. चांगले सैतानपटही हीच फट शोधीत असतात.

चित्रपटकला जन्मली आणि सैतान लगोलग पडद्यावर आला. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. लगेच १८९६ मध्ये जॉर्ज मेलिएस या जादूगाराने 'सैतानाचा वाडा' अशा अर्थाच्या नावाचा तीनेक मिनिटांचा चित्रपट तयार केला. एक वटवाघूळ उडत येते, त्याचा मेफिस्टोफिलीस होतो, नाना चमत्कार घडतात, आणि समोर क्रूस धरताच तो नाहीसा होतो. त्यात भयापेक्षा गंमतच अधिक. पण या घराण्याचा विस्तार पुढे एवढा झाला, की त्याच्या दोन शाखा कराव्या लागतील. एकीत माणूस सैतानाशी करार करतो. दुसरीत सैतान माणसाच्या अंगात शिरतो.

करारपटांत पहिला मान मुर्नाऊ यांच्या १९२६ च्या 'फाउस्ट' या जर्मन मूकपटाला. एमिल यानिंग्स यांचा मेफिस्टो आपला प्रचंड काळा झगा एका गावावर पसरतो आणि त्या सावलीत प्लेगची साथ येते, हे दृश्य आज शंभर वर्षे होत आली तरी अंगावर काटा आणते. येथे फाउस्ट प्रथम सही करतो ती स्वार्थासाठी नव्हे. मरणाऱ्या लोकांना वाचवता यावे म्हणून, आणि तीही एका दिवसापुरती. परंतु क्रूस पाहताच त्याचे हात लटपटतात, ते ओळखून तेच लोक त्याच्यावर दगड उचलतात. मग निराश झालेला तो वृद्ध पंडित तारुण्य मागून बसतो. चांगल्या हेतूने उघडलेले दार पुढे वासनेलाही कसे उपयोगी पडते, हे मुर्नाऊ यांनी एका शब्दाच्या उपदेशावाचून दाखविले आहे.

दुसरा चित्रपट अमेरिकन, विल्यम डिटर्ले यांचा 'द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर', १९४१ चा. न्यू हॅम्पशायर प्रांतातील जेबेझ स्टोन हा कर्जाने गांजलेला शेतकरी सात वर्षांच्या भरभराटीसाठी आत्मा गहाण टाकतो. सावकारी पाशाची कथा आपल्याला नवी नाही. येथे सावकार तेवढा वेगळा आहे. वॉल्टर ह्यूस्टन यांनी रंगविलेला हा 'मिस्टर स्क्रॅच' गावातल्या एखाद्या हसतमुख दलालासारखा वाटतो. पैसा आल्यावर स्टोन स्वतःच शेजाऱ्यांना कर्जाच्या फासात अडकवू लागतो. सैतानाने त्याला धन दिले, पण क्रौर्य त्याने आपले आपण मिळविले. या चित्रपटाच्या संगीताबद्दल बर्नार्ड हर्मन यांना ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी त्यांचे 'सिटिझन केन'चे संगीतही स्पर्धेत होते.

रोमन पोलन्स्की यांच्या 'रोझमेरीज बेबी' (१९६८) या चित्रपटात करारावर सही करतो नवरा आणि किंमत मोजते बायको. न्यूयॉर्कमधील एका जुन्या इमारतीत हे जोडपे राहावयास येते. नवरा धडपडणारा नट. त्याचा प्रतिस्पर्धी एकाएकी आंधळा होतो आणि भूमिका याच्या पदरात पडते. मायाळू शेजारी, घरगुती औषधे, वडीलकीचे सल्ले यांतून त्या गरोदर मुलीभोवती जाळे विणले जाते. ती खरे सांगते, आणि एकही वजनदार माणूस तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. सैतान येथे जेमतेम दिसतो. खरे भय वाटते ते त्या सभ्य, हसऱ्या माणसांचे.

आपल्या मातीतील करारपट म्हणून राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचे नाव घेतले पाहिजे. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेले, आणि मूळ प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची; म्हणजे दोन्ही ऋणे मराठीची. हस्तर हा काही बायबलातला सैतान नव्हे. पण कणकेची बाहुली घेऊन पुनःपुन्हा विहिरीत उतरणारा विनायक, आणि तीच विद्या मुलाला शिकवणारा बाप, हे पाहिले की कागदावाचूनही करार होतो आणि तो वारसाहक्काने चालतो, हे पटते.

आता दुसरी शाखा. वेबस्टरच्या कथेत सैतानाच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसतो तो न्यायमूर्ती हॅथॉर्न. हा माणूस खरा होऊन गेला. १६९२ साली सालेम येथे चेटकिणी म्हणून पकडलेल्यांची चौकशी करणाऱ्यांपैकी तो एक. त्या प्रकरणात १९ जणांना फाशी दिले गेले. चेटकिणी शोधणारा न्यायाधीश सैतानाच्या बाजूला बसवावा, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

नेमका हाच विचार बेंजामिन क्रिस्टेनसेन यांनी १९२२ च्या 'हॅक्सन' या मूकपटात मांडला. जीभ काढून नाचणाऱ्या सैतानाची भूमिका त्यांनी स्वतःच केली, आणि ती पाहून हसू येते. हसू थांबते ते धर्मन्यायालयाच्या दृश्यांत. एका गरीब म्हातारीला छळून तिच्याकडून वाटेल ते वदवून घेतले जाते, आणि ती ज्यांची नावे घेते त्यांची पाळी पुढे येते. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलत नाही. जुन्या काळच्या चेटकिणी म्हणजे पुष्कळदा दुबळ्या, वृद्ध वा मनाने आजारी स्त्रिया होत्या, असे दिग्दर्शक शेवटच्या भागात सांगतो.

विल्यम फ्रीडकिन यांच्या 'द एक्झॉर्सिस्ट'ची (१९७३) कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट. त्याच्या किळसवाण्या प्रसंगांचीच चर्चा फार होते. पण त्यातील आई मुलीला प्रथम डॉक्टरांकडे नेते, तपासण्यांमागून तपासण्या करते, आणि धर्मगुरू सर्वांत शेवटी येतात, हे कोणी लक्षात घेत नाही. फादर कॅरास हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. आई एकटी मरण पावली याची खंत त्यांच्या मनात आहे, आणि दुष्ट शक्ती त्यांना नेमकी तेथेच डिवचते. नळाची फट ती हीच. खरे युद्ध मुलीच्या देहाआड त्या धर्मगुरूंच्या मनात चालते.

मंडळी, येथे गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. पडद्यावर झपाटलेली मुलगी ही नटी असते. खेळ संपला की ती रंग पुसून घरी जाते. आपल्या देशात 'बाधा' झालेल्या मुलीला ही सोय नसते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, ही कृत्ये त्यात गुन्हा म्हणून मोजली आहेत. कायद्यात ज्याची अशी यादी करावी लागते, ते कोठे तरी घडत असते. अरुणा राजे आणि विकास देसाई यांच्या 'गहराई' (१९८०) मध्येही वडिलोपार्जित जमीन विकणारा बाप मोकळा राहतो आणि यातना भोगते ती मुलगी. श्रीराम लागू आणि पद्मिनी कोल्हापुरे यांचा तो चित्रपट म्हणूनच अस्वस्थ करतो.

या दोन्ही शाखा एकत्र आणणारा चित्रपट म्हणजे रॉबर्ट एगर्स यांचा 'द विच' (२०१५). सतराव्या शतकातील न्यू इंग्लंड. धर्माभिमानी बाप वसाहत सोडून कुटुंबासह रानाच्या कडेला राहतो. तान्हे मूल नाहीसे होते आणि संशय थोरल्या मुलीवर येतो. आईचा चांदीचा पेला बापाने गुपचूप विकलेला असतो. दोष मुलीला लागतो, आणि बाप बराच काळ गप्प बसतो. गोठ्यातला काळा बोकड हे सारे पाहत असतो. शेवट सांगून आम्ही रसभंग करीत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या घरात कोणीही तिची बाजू घेतली नाही, त्या घरानेच तिला त्या बोकडाकडे ढकलले.

तेव्हा यंदाच्या त्या मोसमात हे चित्रपट अवश्य पहा. मुलांना मेलिएस दाखवा, मोठ्यांनी 'फाउस्ट'पासून आरंभ करावा. पाहताना एकच प्रश्न मनाशी ठेवावा : सही कोणी केली, आणि किंमत कोण मोजतो आहे? ज्या चित्रपटात या प्रश्नाला जागा नाही, त्यात शिंगे आणि धूर कितीही असोत, सैतान नाही असे खुशाल समजावे.

वेबस्टरच्या चित्रपटाच्या अखेरीस खटला हरलेला मिस्टर स्क्रॅच कुंपणापाशी बसून आपली वही चाळतो. पुढचे गिऱ्हाईक कोण, याचा तो विचार करीत असतो. इकडेतिकडे पाहता पाहता त्याची नजर सरळ प्रेक्षकांकडे वळते, आणि हसत हसत तो आपल्याकडे बोट दाखवितो. ते बोट पाहून हसावे, आणि घरी जाताना आपले पाय धुतलेले आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे.