मूत्रपिंडासाठी ताट की गोळी?



कुरुंदवाडच्या बाजारात कृष्णाकाठच्या मळीतली वांगी येतात. वांगं चिरून ठेवलं की थोड्याच वेळात फोडी काळ्या पडायला लागतात, म्हणून घरोघरी त्या मिठाच्या पाण्यात टाकतात. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल असतं. फोड उघडी पडली की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि रंग बदलतो. ऑक्सिजनचा मारा असा स्वतःवर घेणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळा, पेरू, जांभूळ, शेंगदाणे, मेथी, हळद या सगळ्यांत ते वेगवेगळ्या रूपांत असतात.

मूत्रपिंडांशी त्यांचा संबंध काय? आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा सगळा परत रक्तात घेतला जातो. एवढ्या कामाला भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि तो वापरताना पेशींना इजा करणारे रेणूही तयार होतात. मधुमेह आणि रक्तदाब ताब्यात नसला की ही इजा वाढते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीची आकडेवारी पाहता, ज्यांच्या आहारात क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, सेलेनियम असे घटक जास्त, त्यांच्यात मूत्रपिंडाचा जुनाट आजार कमी दिसतो. पण अशा पाहणीत आहार आणि आजार एकाच वेळी नोंदलेले असतात. आजारी माणसाची भूकच मंदावते, तो कमी खातो. त्यामुळे आहारानेच आजार टळला, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

मग गोळ्या घेऊन का पाहू नये, असं पुष्कळजण विचारतात. पाहून झालं आहे. आपल्या शेजारी सांगली म्हणजे हळदीची पेठ, म्हणून हळदीचंच सांगतो. हळदीतल्या कुरकुमिनच्या कॅप्सूल कॅनडात पाचशेहून अधिक मूत्रपिंडरुग्णांवर तपासल्या गेल्या. आजाराचा वेग कमी झाला नाही. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचं तर शरीरात ऑक्झलेट बनतं, ते लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. स्वीडनमधल्या तेवीस हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. भाजीतली हळद, जेवणानंतरची पेरूची फोड आणि बाटलीतली हजार मिलिग्रॅमची गोळी या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. निरोगी माणसानं ताटावर विश्वास ठेवावा, जाहिरातीवर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ज्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड अशक्त झालं आहे, त्यांनी हा निरोगी माणसाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. अशा मूत्रपिंडाला पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. शहाळ्याचं पाणी, केळी, टोमॅटो, पालेभाज्या किती खायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून ठरवायचं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं, तर पोटॅशियम कमी होतं. कमरक, म्हणजे ते चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, अशा रुग्णांनी अजिबात खाऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्यानं उचकी, भ्रम आणि झटके येतात. कुणी सांगितलेले काढे आणि भस्मंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मूत्रपिंड बरंच खराब होईपर्यंत काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून ज्यांना साखर किंवा बी.पी. आहे, त्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ कमी करा. शेतात वाकून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नका. आणि घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर भावाबहिणींनी स्वतःचीही तपासणी करून घ्या.