हिरवा संगमरवर : गुण व उपयोग



देवाच्या कार्यास दिलेला पैसा घामाचा असतो. तो दगडात घालण्यापूर्वी दगडाची जात ओळखणे शहाणपणाचे होय.

बाजारात हिरवा संगमरवर म्हणून मिळणारा दगड बराचसा राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातून, ऋषभदेव गावाच्या परिसरातील खाणींतून येतो. तेथील केशरियाजींचे जैन मंदिर प्रसिद्ध असून त्यावरूनच व्यापारी या दगडास ‘केशरियाजी हिरवा’ म्हणतात. गडद हिरव्या अंगावर पांढऱ्या शिरांचे जाळे, हे त्याचे रूप. पॉलिश केल्यावर ते अधिकच खुलते.

तथापि नाव संगमरवर असले तरी कूळ निराळे आहे. ताजमहालास लागलेला मकराण्याचा पांढरा संगमरवर चुनखडीच्या कुळातला. हिरवा दगड मुख्यतः सर्पेंटाइन या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचा. सुट्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहावे. पांढऱ्या दगडावर बारीक बुडबुडे येऊन चकाकी जाते. हिरव्या भागावर तसे होत नाही, मात्र त्यातील पांढऱ्या शिरांवर होऊ शकते.

आंबटाला दाद न देणारा हा दगड पाण्यापुढे मात्र हळवा आहे. पातळ लादी ओल्या सिमेंटमध्ये बसविल्यास ती पाणी शोषून वाकते व तिचे कोपरे उचलतात. म्हणून ती इपॉक्सीने चिकटवावी. शिवाय हा दगड ग्रॅनाइटपेक्षा मऊ आहे. पायांबरोबर येणाऱ्या वाळूने त्याची चकाकी उतरते, आणि पॉलिश केलेल्या ओल्या फरशीवरून वृद्ध माणसे घसरतात.

यावरून जागा ठरवावी. गाभाऱ्याच्या दाराची चौकट, भिंतीवरील पट्टी, मखराची पाठ येथे हिरवा दगड शोभतो व टिकतो. पायऱ्या, सभामंडपातील वाट आणि अभिषेकाचे पाणी वाहते ती जागा खरबरीत टाकीच्या काळ्या दगडासच द्यावी. खर्च कमी, भक्तांचे पायही सुरक्षित.

आणखी एक गोष्ट. या जातीच्या दगडात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. कोरडा दगड कापल्यास ते धुळीबरोबर कारागिराच्या फुप्फुसात जातात आणि पुढे अनेक वर्षांनी आजार उद्भवू शकतो. तरी कापणे, घासणे पाणी सोडूनच व्हावे; कारागिरास योग्य मुखपट्टी द्यावी. ही अट कामाच्या करारातच लिहावी.

मंदिर देवाचे असले, तरी ते उभे राहते माणसाच्या हातांनी. त्या हातांची काळजी घेणे हीदेखील सेवाच होय.