घरचा गुरु आणि धड्याची चाल

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं आपल्याच मुलाला सतार शिकविण्यास घेतलें असेल, त्यांना एक अडचण नवी नसेल. वर्गांतला गुरु तास संपतांच उठून जातो. बाप मात्र जात नाहीं. सकाळीं चुकलेला पलटा दुपारीं जेवणाच्या पानावर पुन्हा निघतो, आणि वडील केव्हां बोलत आहेत व गुरु केव्हां, हें मुलाला कळेनासें होतें. फी नाहीं, वेळेचें बंधन नाहीं, शेजारीं दुसरा शिष्यहि नाहीं. मग धड्याला माप कोठलें?

अशा वेळीं साल्झबुर्गच्या लेओपोल्ट मोझार्टचें उदाहरण हमखास पुढें केलें जातें. १७५९ सालीं त्यानें आपल्या मुलीकरितां, नानेर्लकरितां, पट्ट्यांच्या वाद्यावरील छोट्या छोट्या रचनांची एक वही सुरू केली. तिच्यांतूनच धाकटा वोल्फगांग शिकला. २६ जानेवारी १७६१ रोजीं, म्हणजे पांचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीं साडेनऊ वाजतां, त्यानें एक रचना अर्ध्या तासांत बसविली, अशी नोंद बापानें वहींत केली आहे. तेवढा अर्धा तास सर्वांच्या ध्यानांत राहतो. त्याच वहींत प्रारंभींच्या ८ रचना मुलानें चौथ्या वर्षीं शिकल्याचें लिहिलें आहे, तें कोणी सांगत नाहीं. आणि मूल तर मोझार्ट! शिवाय या नोंदी रचना बसल्यानंतरच्या आहेत, आधीं ठरविलेल्या मुदतीच्या नव्हेत.

सतारीवर तर मुदत मुलाचें बोटच ठरवितें. तार दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडेपर्यंत कांहीं आठवडे जातात. उजव्या हाताची नखीहि प्रथम रुततेच. त्या दिवसांत तासभर बसविण्यापेक्षां दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठकी बऱ्या. 'दा' आणि 'रा' हे बोल सारख्या वजनाचे उमटत नाहींत, तोंवर 'दिर'चा मोह बापानेंच आवरावा. उमटले, तर त्या आनंदांतच बैठक मोडावी; त्याच दमांत नवा पलटा पुढें टाकला, कीं मिळालेलें बक्षीस हिरावल्यासारखें होतें. परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत मागचेंच वाजवूं द्यावें. पलटा अडला कीं लय निम्मी करावी. तरीहि अडला, तर बापानें स्वतः एकदां वाजवून दाखवावा आणि सतार गवसणींत घालावी. गवसणी चढल्यावर त्या पलट्याचें नांव काढूं नये. जेवतांना मुलानेंच तो गुणगुणला, तर गोष्ट निराळी.