वेगळे झाले आईबाप, लेकराचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. सातवी झाली आणि शाळा सुटली. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघांत मी कधी तोंड उघडले नाही. पण यंदा प्रत्येकीने आपल्या अनुभवाचे काही सांगावे असे ठरले, आणि माझ्या वाट्याला आलेला अनुभव असा आहे की, तो झाकून ठेवला तर कोणाच्याच उपयोगी पडावयाचा नाही. माझ्या मुलीला विचारूनच मी हे बोलत आहे.

माझी थोरली मुलगी सात वर्षे नांदली आणि माहेरी परत आली. का आली, कोणाचे चुकले, ते मी येथे सांगणार नाही. तो निखारा आता विझला आहे, फुंकर घालण्यात अर्थ नाही. तिच्याबरोबर तिचा मुलगा आला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

दोन्हीकडची वडीलधारी मंडळी देवळात बसली. चहा झाला. मुद्रांकाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: ‘मूल आईकडे राहील. वडिलांना वेळोवेळी भेटू द्यावे.’ दोघांनी सह्या केल्या, पाच जणांनी साक्षी घातल्या, आणि भांडण न होता मिटले म्हणून आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला.

भगिनींनो, त्या ‘वेळोवेळी’ या एका शब्दाने पुढे वर्षभर आमचा छळ केला. जावयांची वेळ ती आमची नसे, आणि आमची ती त्यांची नसे. मग फोनवर ठरले की, एका रविवाराआड मुलाने वडिलांकडे जावे. ते सोपे वाटले. पण एका महिन्यात पाच रविवार आले आणि दोन्ही घरांची मोजणी चुकली. पोर नवा सदरा घालून, पिशवी भरून, सकाळी नऊपासून डाळजच्या फाट्यावर मामाबरोबर उभे. पुण्याकडून येणारी प्रत्येक एस. टी. थांबली की हा पुढे धावे. बारा वाजता मामाने त्याला परत आणले. तो रडला नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि जेवला नाही.

दुसऱ्या वेळी जावई ऐन भाऊबीजेला आले. घर पाहुण्यांनी भरलेले. मी दारातूनच म्हटले, “आज नाही जमायचे.” ते तसेच परत गेले. ही माझी चूक होती, ती मी कबूल करते. पण याहून मोठी चूक पुढेच आहे.

मूल वडिलांकडून आले की मी त्याला जवळ घेऊन विचारी, “तिकडे काय खायला दिले? तिकडची आजी आईविषयी काय म्हणाली?” तो सांगेल त्यावर आम्ही घरात बोलत असू. तिकडेही हेच चालत असणार. एके दिवशी मी असेच विचारले, तर तो माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, “आजी, तुला काय सांगू? काय सांगितलं की तुला बरं वाटंल?”

त्या रात्री मला झोप आली नाही. सहा वर्षांचे लेकरू दोन घरांची मने राखायला शिकले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी मुलीला घेऊन इंदापूरच्या न्यायालयात गेले. तेथे तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ सालच्या कायद्याप्रमाणे बाईला आणि बालकाला तेथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. भेटलेल्या वकीलबाईंनी आम्हांला जे समजावले त्याने माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गोष्टी खोट्या ठरल्या. आपल्यापैकी पुष्कळजणी त्या खऱ्या मानतात, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, पाच वर्षे झाली की मूल बापाचे, असे कायदा म्हणत नाही. १९५६ सालच्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढेच आहे की, पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावे. पुढे ते कोणाकडे राहील, हे त्याच्या हितावरून ठरते. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवले आहे. मुलगा बापाला आणि मुलगी आईला, अशी वाटणीही कायद्यात कोठे नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारू शकतात. तशी तरतूद १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्यात आहे, आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट सहीची. मूल सांभाळावयाचे आईने आणि कागदावर सही मात्र बापाचीच, असे आपण धरून चालतो. पण आपल्या विदर्भातल्या जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली निराळा निकाल दिला. तेथे नवराबायको वीस वर्षांहून अधिक काळ वेगळी राहत होती, आणि मुलीला व मुलीच्या जमिनीला आईच पाहत होती. बाप हयात असूनही लक्ष घालत नव्हता, म्हणून न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले. पुढे १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात ही वाट अधिक रुंद झाली.

तिसरी गोष्ट पोटगीची. ‘मूल घेऊन जा, पण पैसा मागू नकोस,’ अशी अट पुष्कळ ठिकाणी घालतात आणि बाई लेकरासाठी सही करून देते. पण पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आईने तो सोडून दिल्याने सुटत नाही. पूर्वी त्याला १२५ कलम म्हणत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झाले आहे.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे आमचा तो देवळातला कागद. वकीलबाई म्हणाल्या, “साक्षी पाच असोत की पन्नास, हा काही न्यायालयाचा हुकूम नव्हे. कोणी मोडला तर तुम्ही काय करणार?”

घरी येताना मनात आले, सामाईक विहिरीवर चार भावांची पाण्याची पाळी असते. कोणाचा सोमवार, कोणाचा मंगळवार, मोटर किती वाजता चालू करायची, वीज गेली तर पाळी कोणाची बुडाली, सारे आपण ठरवून ठेवतो. तेथे ‘वेळोवेळी पाणी घ्यावे’ असे कोणी लिहीत नाही! आणि पोटच्या लेकरासाठी मात्र आम्ही दोन ओळींत भागवले होते.

मग वकीलबाईंनी दोघांना समोरासमोर बसवले. आम्हां आयांना व मामा-काकांना बाहेर बसविले. मला तेव्हा राग आला होता, आता पटते. तीन बैठका झाल्या आणि नवा कागद झाला. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते.

मुलगा आईकडे राहील. महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर वडील स्वतः येऊन त्याला नेतील आणि रविवारी दिवे लागण्यापूर्वी आणून सोडतील. येणे जमणार नसेल तर शुक्रवारी रात्री आठच्या आत कळवतील. बुधवारी संध्याकाळी सात वाजता वडिलांचा फोन येईल, तो मुलानेच घ्यावयाचा. दिवाळीचे पहिले दिवस एका वर्षी इकडे, दुसऱ्या वर्षी तिकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस वडिलांकडे. शाळेचा निकाल दोघांनाही दाखवावयाचा. ताप आला, पडला-झडला, तर ज्याच्याकडे असेल त्याने आधी दवाखाना आणि लगेच दुसऱ्याला फोन. शाळेचा, औषधाचा खर्च कोणी किती द्यावयाचा, तो महिन्याच्या कोणत्या तारखेला, हेही आकड्यानिशी लिहिले. शाळा बदलणे, गाव बदलणे हे एकमेकांना विचारून. आणि एक ओळ माझ्यासाठीच होती: मुलासमोर दुसऱ्या घराविषयी वाईट बोलू नये, त्याच्याकडून तिकडच्या बातम्या काढू नयेत, आणि हे आजीआजोबांनीही पाळावे.

दोघांचा संमतीने घटस्फोटाचा अर्ज होता, त्याला हा करार जोडला. न्यायाधीशांनी दोघांना विचारून तो हुकुमात घेतला. अर्ज करावयाचा नसेल तर लोक अदालतीत तडजोड नोंदवता येते, तिलाही हुकुमाचे बळ असते. मूल मोठे होते तशा त्याच्या गरजा बदलतात, तेव्हा न्यायालयाकडून त्यात बदलही करून घेता येतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. जेथे मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, जिवाची भीती आहे, तेथे असल्या गोडीगुलाबीच्या बैठका नकोत. तेथे २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सरळ न्यायालयात जावे. मुलाचा तात्पुरता ताबा तेथे आईला मागता येतो, आणि मुलाला धोका असेल तर भेटही बंद ठेवता येते.

ताबा हा शब्द मला आवडत नाही. तो जमिनीला शोभतो. कागदावर लिहावा लागतो म्हणून लिहिला, इतकेच.

आमचे सारे गोड झाले असे मी म्हणणार नाही. मुलीचा संसार मोडला तो मोडलाच. तिला अजून काही रात्री रडताना मी ऐकते. पैसे दोनदा उशिरा आले. पण मुलगा आता फाट्यावर उभा राहत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने स्वतः शनिवारांना लाल गोल केले आहेत. परवा तिकडून आला तो हातपाय न धुताच सांगू लागला, “आजी, बाबांच्या म्हशीला रेडकू झालं!” मी म्हटले, “हो का? नाव काय ठेवलं?” त्यापुढे मी काही विचारले नाही. एवढे न विचारायला शिकण्यास मला एक वर्ष लागले.

भगिनींनो, उद्या तुमच्या-माझ्या भावकीत असा प्रसंग आला तर बैठकीत एक तरी बाई बसवा, आणि तिने एवढेच म्हणावे, “दिवस लिहा, वेळ लिहा, कोण नेणार आणि कोण आणणार ते लिहा.” आपल्या मंडळाने एवढे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ झाले.