मेंदूच्या तपासणीला जाताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालण्यात आणि कपबश्या विसळण्यात असते. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शास्त्र शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आमच्या घरी जे घडले ते मला सांगता येईल. उद्या तुमच्यापैकी कुणाला आपल्या माणसाला घेऊन त्याच दारात उभे राहावे लागले, तर उपयोग होईल, एवढ्याचसाठी हे धाडस.

2022 साली माझ्या सासूबाईंना विसर पडू लागला. दूध तापत ठेवून विसरणे हे आपण सगळ्याच करतो. पण एके दिवशी देवळातून परत येताना त्या आपल्याच दारावरून पुढे गेल्या, तेव्हा आम्ही घाबरलो. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूची 'पेट' तपासणी करायला सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बिघडलंय माझं डोकं, मग पोट कशाला तपासतात?" पेट ही तीन इंग्रजी अक्षरे आहेत हे आम्हांला तरी कुठे ठाऊक होते! आम्ही हसलो. परंतु चिठ्ठीवर 'किरणोत्सर्गी औषध' असे शब्द होते. ते वाचले आणि हसू मावळले. किरणोत्सर्ग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरोशिमाच येते. तसले काही म्हाताऱ्या माणसाच्या शिरेत घालायचे?

रात्री माझ्या मुलाने मला समजावून सांगितले. त्याने एक गोष्ट सांगितली ती आपल्या सर्वांना पटेल अशी आहे. सुमारे 1911 साली जॉर्ज हेवेशी नावाचे हंगेरीचे एक तरुण शास्त्रज्ञ इंग्लंडात मँचेस्टरला खाणावळीत जेवत असत. खाणावळीच्या बाई उरलेले अन्न पुन्हा वाढतात असा त्यांना संशय होता. म्हणून त्यांनी पानात उरलेल्या घासात किरणोत्सर्गी पदार्थाचा कण मिसळला, आणि पुढे वाढलेल्या अन्नात तो यंत्राने दाखवून दिला, असे सांगतात. खुणेचा कण कुठे जातो ते बाहेरून पाहायचे, याच युक्तीबद्दल त्यांना 1943 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र त्या बाईंचे वाईट वाटले. त्यांना कुणी विचारले नव्हते! आज आपल्याला विचारल्यावाचून अशी सुई देत नाहीत, हा मोठा फरक आहे.

मेंदूच्या तपासणीत हा खुणेचा कण साखरेला जोडलेला असतो. मेंदूचे वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण एकूण शक्तीचा पाचवा हिस्सा तोच खातो. तेव्हा ही खूण केलेली साखर शिरेतून दिली की काम करणारे भाग ती ओढून घेतात, थकलेले भाग कमी घेतात, आणि यंत्र त्याचे चित्र काढते.

आता भीतीचे. या कणाचा जोर 110 मिनिटांत निम्मा होतो. रुपयाचे आठ आणे, आठाचे चार, चाराचे दोन, असे करत सव्वासात-साडेसात तासांत एक आणा उरतो. शिवाय काही भाग लघवीवाटे निघून जातो. सगळ्या जगाची सरासरी घेतली, तर जमीन, हवा व आकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट किरण मिळतच असतात. या तपासणीत साधारण 4 ते 7 मिळतात, म्हणजे दोन-तीन वर्षांचे एकदम. हे थोडे आहे, परंतु शून्य नाही. म्हणून डॉक्टरांना खरोखर गरज वाटेल तेव्हाच ही तपासणी करावी. 'शेजारणीने केली म्हणून आपणही' असे करू नये. आपल्या देशात या कामावर देखरेख करायला 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. पण भगिनींनो, ते मंडळ आपल्या घरात येऊन बसत नाही. काही गोष्टी आपणच सांभाळायच्या असतात. त्या आम्ही कशा सांभाळल्या नाहीत, तेच आता सांगते.

पहिल्या खेपेला पहाटे निघालो. सहा तास पोटात पाण्याखेरीज काही जाऊ द्यायचे नव्हते. मी स्वतः पहारा केला. तेथे बोटातून रक्त काढून साखर पाहिली, तर ती भलतीच वर! डॉक्टरांनी विचारले, "आजी, काही खाल्लंत का?" "नाही." तिसऱ्यांदा विचारल्यावर सासूबाईंनी कनवटीची पुरचुंडी काढली. खडीसाखर! मोटारीत घसा सुकतो म्हणून वाटभर चघळत आल्या होत्या. पोटातली साखर आणि खुणेची साखर एकाच दारातून मेंदूत शिरतात. दारात गर्दी झाली की चित्र धूसर येते, आणि धूसर चित्रावरून चुकीचे निदान होऊ शकते. त्या दिवशी तपासणी झाली नाही. त्यांच्यासाठी मागवलेले औषध उद्यापर्यंत टिकणारे नव्हते, तेही वाया गेले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "आजींनी खरं सांगितलं हे फार चांगलं केलं. न सांगता सुई दिली असती तर किरण फुकट गेले असते."

दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर दीर व धाकटी जाऊ होती. सुईनंतर अर्धा-पाऊण तास सासूबाईंना अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायचे होते. बोलायचे नाही, वाचायचे नाही. जो भाग काम करील तो जास्त साखर ओढील, हे त्याचे कारण. सुईपूर्वी परिचारिकेने माणसांनी भरलेल्या खोलीत मोठ्याने विचारले, "सोबत आलेल्यांत कुणी गरोदर आहे का?" कुणी बोलले नाही. पण माझ्या जाऊबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी त्यांना पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर नेले. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, दुसरा महिना आहे. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि तिसऱ्यात गेलं. म्हणून या खेपेला यांच्याशिवाय कुणाला बोलले नाही."

मी काय बोलणार! तीन महिने सांगू नये ही आपल्याकडची रीत आहे, आणि तिच्यामागे दुःख असते. मी परिचारिकेला बाजूला घेऊन सांगितले. ती म्हणाली, "अजून काही झालेलं नाही. सोबतच्या माणसाला किरण फार थोडे लागतात, पण पोटातल्या जिवाला तेवढे तरी कशाला?" दीर व जाऊबाई बाहेर जाऊन बसले. मी थांबले. आता जाऊबाईंची मुलगी घरभर धावते आहे. काही विपरीत झालेच असते असे नाही. पण झाले असते तर जन्मभर त्या सुईलाच दोष दिला असता, आणि त्या माउलीने स्वतःला.

सायंकाळी घरी आलो. सकाळपर्यंत लहान मुलांना मांडीवर घ्यायचे नाही, असे सांगितले होते. सासूबाईंना वाईट वाटले. "या वयात मला पुन्हा कावळा शिवला म्हणायचा!" मी म्हटले, "सासूबाई, हा विटाळ नव्हे. नुकत्याच उतरलेल्या तव्याजवळ आपण पोराला जाऊ देतो का? तसंच हे. सकाळी तवा गार." सकाळी नातू मांडीवर चढला तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. काय खाल्ले, कोणती औषधे चालू आहेत, ते खरे सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या व सुया आपल्या मनाने बंद करू नयेत; कधी घ्यायच्या ते आधी विचारून घ्यावे. सुईपूर्वी रुग्णाचे नाव व जन्मतारीख विचारतात, ती रुग्णाकडूनच किंवा कागद पाहून सांगावी. नुसती मान डोलावू नये. एकाची सुई दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ते विचारतात. टोचल्या जागी जळजळले किंवा फुगले तर तत्काळ सांगावे. नंतर भरपूर पाणी प्यावे, वरचेवर लघवीला जावे व दोनदा पाणी ओतावे. अंथरुणावरच्या माणसाचे कपडे त्या दिवशी हातमोजे घालून बदलावे. अंगावर पाजणाऱ्या बाईने तसे आधी सांगावे, आणि बाळाला किती वेळ दूर ठेवायचे ते तेथेच विचारावे. आणि दिवस गेल्याची नुसती शंका असली, तरी रीत बाजूला ठेवून एका माणसाच्या कानात सांगावे. चारचौघांत नको असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे.

सासूबाईंचा आजार विसराळूपणाचाच निघाला. तो बरा होणारा नाही. पण काय आहे ते कळल्यामुळे घरातली चिडचिड थांबली. आता त्या बाहेर निघाल्या की कुणीतरी बरोबर असते. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी कोण बोलते आहे ते त्यांना आठवते की नाही, मला ठाऊक नाही. पण मघापासून मान डोलावत आहेत.

 आता मला चहाकडे जाऊ द्या.